तांड्यावरच्या वर्गातील न मोजलेली भाषा

पहिलीपासून हिंदी असावी की नसावी, यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र ढवळून निघाला. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित आदेश आणि २९ जून रोजी दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समितीची घोषणा, असा हा प्रवास झाला. त्या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती: मूल शाळेत येते ते मराठी बोलतच. हिंगोली जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर हे गृहीतक पहिल्याच तासाला कोलमडते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांत तांडे विखुरलेले आहेत. घरात बोलली जाते ती गोरमाटी. आईला ‘याडी’ म्हणणारे मूल पहिलीत बसते, तेव्हा फळ्यावर ‘आई’ असते आणि शेजारी ‘मदर’. इंग्रजी पहिलीपासून २००० सालीच आली. २०२२-२३ मध्ये बालभारतीने पहिलीच्या पुस्तकांत मराठी शब्दांना इंग्रजी शब्दांची जोड दिली. पुस्तक द्विभाषिक झाले खरे. पण या मुलासाठी त्यातल्या दोन्ही भाषा परक्याच.

गणिताच्या तासाला गुंता वाढतो. मराठीत ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, इंग्रजीत वीस आधी. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल २३ ऐवजी ३२ लिहिते. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस तीन’ या वाचनाची महाराष्ट्राने यथेच्छ टिंगल केली. त्यामागची अडचण मात्र खोटी नव्हती. सेमी-इंग्रजी वर्गातील शिक्षक ती रोज सोडवतात. द्विशिक्षकी शाळेत तर शेजारच्या रांगेत दुसरा वर्ग बसलेला असतानाच ती सोडवावी लागते.

राज्यघटनेचे कलम ३५० क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीची अपेक्षा ठेवते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच सांगते. बालभारती उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजराती, सिंधी माध्यमांची पुस्तके काढते. त्या यादीत गोरमाटी नाही. स्वतंत्र माध्यम हवे, असे आमचे म्हणणे नाही. पालकांनाही ते नको असेल. त्यांना इंग्रजी हवी आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु पहिले काही महिने मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस वर्गात असणे, ही मागणी अवाजवी कशी? शिक्षकांच्या बदल्या करणारी संगणकीय प्रणाली सेवेची वर्षे पाहते, अवघड क्षेत्र पाहते, पती-पत्नीची सोय पाहते. तांड्यावर जाणाऱ्याला तेथील बोली येते का, हे ती विचारत नाही.

याला घाई आहे, कारण या मुलांचे शालेय वर्ष अनेकदा दिवाळीलाच संपते. ऊसतोडीला निघालेल्या आईवडिलांबरोबर मूलही फडावर जाते आणि परतेपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. जूनपासून दिवाळीपर्यंतच्या चार-साडेचार महिन्यांत त्याला जे समजेल, तेच त्याचे त्या वर्षीचे शिक्षण. त्यातले निम्मे दिवस गुरुजी काय म्हणतात हे कळण्यातच जातात.