लाकडाचा प्रतिनिधी कोण?

परदेशी निघालेल्या प्रतिनिधीचा सत्कार हा आपल्याकडे एक स्वतंत्र कार्यक्रमच असतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, वर्तमानपत्रात फोटो. ‘आपल्या व्यवसायाचं नाव साता समुद्रापार नेणारे’ असा मथळा आणि फोटोखाली ‘सपत्नीक’ हा शब्द. हा सपत्नीक प्रतिनिधी नेमकं कोणाचं प्रतिनिधित्व करतो, एवढाच प्रश्न मला या लेखात विचारायचा आहे. उदाहरण लाकूडधंद्याचं घेते, कारण माझं काम जंगलालगतच्या गावांत आहे आणि लाकूड कोणाच्या डोक्यावरून येतं ते रोज दिसतं.

लाकूडधंद्यातल्या माणसांचा एक जुना आंतरराष्ट्रीय स्नेहसंघ आहे. नाव ‘हू-हू’. हसू नका, खरंच आहे. १८९२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यातल्या गर्डन या छोट्या गावात गाडी रखडली. लाकूड व्यापाऱ्यांच्या सभेहून परतणारे काही पुरुष तिथे अडकून पडले आणि वेळ घालवता घालवता त्यांनी हा संघ काढला. बोधचिन्ह काळी मांजर. मांजरीला नऊ जन्म असतात असं तिकडे म्हणतात, म्हणून सगळा कारभार नऊ आकड्याचा. प्रवेश फी नऊ डॉलर नव्व्याण्णव सेंट, अधिवेशन नवव्या महिन्याच्या नऊ तारखेला. अध्यक्षाला म्हणायचं ‘स्नार्क’. हे नाव लुईस कॅरलच्या गमतीदार कवितेतलं. पुढे संघ कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत पोचला. या देशातला सभासद त्या देशाच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जाऊ लागला.

आता यातली गंमत बाजूला ठेवू आणि सभासदत्वाचा मूळ नियम पाहू. एकवीस वर्षांवरचा, चांगल्या चारित्र्याचा, लाकूडधंद्यातला गोरा पुरुष. सुरुवातीच्या काळात लाकडाचा व्यवसाय चालवणाऱ्या एका बाईचं नाव सभासदांत लागलं, ते अपवाद म्हणूनच सांगितलं जातं. म्हणजे मांजर चालली, काल्पनिक प्राणी चालले. बाई आणि काळा माणूस चालला नाही. आणि ज्या दक्षिणेत हा संघ जन्मला, तिथल्या लाकूडतोडीच्या छावण्यांत आणि गिरण्यांत राबणारे हात मोठ्या संख्येने काळ्या मजुरांचेच होते. जे लाकूड कापत होते ते लाकूडधंद्याचे ‘बंधू’ नव्हते!

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, आज तिथे बायाही सभासद आहेत. आहेत, मान्य. पण हे दार आपोआप उघडलं नाही. अशा सगळ्याच स्नेहसंघांचा इतिहास हेच सांगतो. रोटरीचंच पहा. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने १९७७ मध्ये तीन बायांना सभासद करून घेतलं, तर वरच्या संघटनेने त्या क्लबाचीच मान्यता काढली. भांडण कोर्टात गेलं. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबाच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. ‘आमचा खाजगी स्नेह आहे, त्यात कायदा कशाला’ हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. का मानावा? या स्नेहातच ओळखी होतात, ऑर्डरी मिळतात, कर्जाला शब्द टाकला जातो. स्नेह म्हणजे धंद्याचाच मागचा दरवाजा. बाईला तो बंद असला की पुढचा उघडा असून उपयोग नसतो. नियम बदलल्यावरही आपल्याकडे रोटेरियनच्या बायकोला ‘अ‍ॅन’ म्हणण्याची पद्धत सुटलेली नाही. बाईला स्वतःचं नाव असतं हे या सुशिक्षित मंडळींना कोणी सांगायचं?

आता लाकडाकडे येऊ. लाकूडधंदा सुरू कुठे होतो? व्यापारी मंडळाच्या लेखी तो वखारीत सुरू होतो. पुण्याच्या भवानी पेठेत, मुंबईच्या रे रोडवर, नाहीतर न्यूझीलंडच्या पाइनचे ओंडके कांडला बंदरात उतरतात तिथे. त्याच्या आधी जे घडतं त्याला ‘उद्योग’ म्हणत नाहीत. पहाटे उठून जंगलात जाणं, वाळकी फाटी गोळा करणं, मोळी बांधणं, डोक्यावर घेऊन कोस-दोन कोस चालणं, वाटेत गार्डाची बोलणी खाणं, बाजारात पडेल त्या भावाला विकणं, याला म्हणतात ‘बायांची कामं’. रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या बाया, रोपं लावणाऱ्या बाया, प्लायवुडच्या कारखान्यात लाकडाचे पापुद्रे उन्हात वाळत घालणाऱ्या बाया यांची गणती ‘हेल्पर’ म्हणून. हजेरी हेल्परची, मजुरी हेल्परची, आणि यंत्रावर बसणारा तो कारागीर.

बायांना हे काम झेपत नाही असं म्हणणाऱ्यांना युद्धाचा काळ आठवून द्यावा. पुरुष आघाडीवर गेले तेव्हा १९४२ मध्ये ब्रिटनने ‘विमेन्स टिंबर कोअर’ उभी केली. हजारो मुलींनी कुऱ्हाडी आणि करवती चालवल्या, झाडं पाडली, ओंडके वाहिले. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये टर्की पाँड इथे वनखात्याची अख्खी लाकूडगिरणी बायांनी चालवली. युद्ध संपलं, पुरुष परतले, बायांना घरी पाठवलं. ब्रिटनमधल्या त्या मुलींचा पुतळा स्कॉटलंडमध्ये उभा राहायला २००७ साल उजाडलं. गरज असते तेव्हा बाईचे दंड बळकट असतात. गरज सरली की ती नाजूक होते.

‘हू-हू’चं एक ब्रीद मला फार बोलकं वाटतं: आरोग्य, आनंद आणि दीर्घायुष्य. कोणाचं? लाकडाच्या भुश्याने माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नमूद केलं आहे. प्लायवुडच्या डिंकातल्या फॉर्माल्डिहाइडबद्दलही २००४ मध्ये तिचा तोच निष्कर्ष झाला. भुसा झाडणारी बाई तोंडाला पदर बांधते. तोच तिचा मास्क. तिच्या दीर्घायुष्यासाठी कोणत्या अधिवेशनात ग्लास उंचावले जातात?

मागे एका व्यापारी मंडळाकडून आमच्या संस्थेला निरोप आला. त्यांचे अध्यक्ष परदेशी परिषदेला निघाले होते. तिकडे दाखवायला मोळीवाल्या बायांचे ‘चांगले, हसरे’ फोटो हवे होते. मी विचारलं, फोटो कशाला, त्यातल्या दोघींनाच घेऊन जा. उत्तर आलं, “मॅडम, हा इंडस्ट्रीचा कार्यक्रम आहे. शिवाय भाषेचा प्रश्न येतो.” आम्ही फोटो दिले नाहीत. बाईचा चेहरा इंडस्ट्रीत चालतो, तिचं तोंड चालत नाही, हे त्या एका निरोपातून स्वच्छ कळलं. आणि अध्यक्षांच्या पत्नी? त्या गेल्या. नवरे चर्चा करतात तेव्हा त्यांना बाजार आणि बागा दाखवण्याची सोय होती. पाहुण्यांची सरबराई, भेटवस्तूंची बांधाबांध, ओळखी जपणं ही सगळी बिनपगारी कामं त्यांचीच. त्यांची मी टवाळी करणार नाही. मोळीवाली आणि अध्यक्षीणबाई यांच्यात वर्गाची भली मोठी दरी आहे, पण दोघींच्याही श्रमावर सही दुसऱ्याचीच आहे.

मात्र बोट फक्त व्यापाऱ्यांकडे दाखवून आपली सुटका नाही. २६ मार्च १९७४ ला गढवालमधल्या रेणी गावात झाडं वाचवली ती गौरादेवी आणि तिच्याबरोबरच्या सत्तावीस बायामुलींनी. गावातले पुरुष त्या दिवशी जमिनीच्या भरपाईसाठी चमोलीला गेले होते. पुढे चिपकोला जगभर मान मिळाला, १९८२ मध्ये मॅगसेसे, १९८७ मध्ये राइट लाइव्हलीहूड. जगाला तोंडपाठ झाली ती दोन पुरुषांची नावं. त्यांचं काम मोठंच आहे, वाद नाही. पण त्या बायांच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतक्या सहज इतरांकडे कसा गेला? १९९५ मध्ये बीजिंगला जागतिक महिला परिषद झाली तेव्हाही आपल्या संघटनांतून कोण जाणार हे ठरवताना इंग्रजी कोणाला येतं हा प्रश्न किती ठिकाणी पहिला होता? व्यापाऱ्याचा ‘भाषेचा प्रश्न’ आणि आपला ‘भाषेचा प्रश्न’ यांत फरक तो काय?

मैत्रिणींनो, प्रतिनिधित्व हा सत्कार नाही, ते हिशेब देण्याचं काम आहे. ज्यांनी पाठवलं त्यांना परत येऊन सांगायचं असतं, आणि ज्यांनी पाठवलं त्यांना परत बोलावता आलं पाहिजे. आपल्याकडे निदान कागदावर याचं बीज आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो आणि गावच्या वनहक्क समितीत एक तृतीयांश तरी बाया असाव्या लागतात. पण सातबारा, पट्टा, समितीचं रजिस्टर उघडून पाहिल्याशिवाय हा कायदा आपला होत नाही. सभेला न बोलावता घरी अंगठा मागायला येणारा माणूस दिसला तर त्याला दारातूनच परत पाठवायचं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, लाकडाशी संबंध असलेल्या प्रत्येक मंडळाने आपल्या धंद्यात किती बाया राबतात हे आधी मोजावं, मग जगात नाव न्यावं. दोन, मोळी, रोपवाटिका, वाळवण ही कामं ‘मदत’ नव्हे, उद्योगच आहे असं धरून मजुरी आणि आरोग्याची सोय लावावी. तीन, आपल्या संघटनांनी ठरवावं: परदेशी एक जागा आली तर काम करणारी बाई जाईल आणि इंग्रजी येणारी तिच्या शेजारी दुभाषी म्हणून बसेल. बोलणं तिचं, उलथा आपला.

ती मराठीत बोलेल, कोरकूत बोलेल, गोंडीत बोलेल. जगाला ऐकायचं असेल तर जग कान देईल. आजवर आपण त्यांच्या ‘स्नार्क’चा अर्थ लावत बसलोच ना? आता त्यांनी आपल्या मोळीचा अर्थ लावावा.