कौशल्याचें दान

दान म्हटलें कीं धान्य, वस्त्र अथवा द्रव्य हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. त्यामुळें ज्याच्यापाशीं पैसा नाहीं त्यानें परोपकाराच्या गोष्टी कशास कराव्या, असा एक समज रूढ होऊन बसला आहे. परंतु श्रमानें संपादिलेली विद्या हीहि संपत्तीच आहे, व तीहि निराश्रितांच्या पदरीं घालतां येते. ह्याचें एक उदाहरण विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांच्यापुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

ज्यास आतां म्यानमार म्हणतात त्या ब्रह्मदेशांत, तेथील सरकार व स्वराज्य मागणारे करेन लोक ह्यांच्यामध्यें १९४९ सालीं युद्ध पेटलें. त्याची झळ पुढील पिढ्यांसहि लागून हजारों कुटुंबें सरहद्द ओलांडून थायलंडांत आश्रयास आलीं, आणि कित्येक मुलें आईबापांस पारखीं झालीं. सरहद्दीलगतच्या नो बो ह्या खेड्यांत २००६ सालीं नॉर्वेंतील एका गृहस्थानें अशा मुलांसाठीं अनाथाश्रम काढला. मुलांची संख्या वाढली व जागा अपुरी पडूं लागली. तेव्हां २००८ सालीं नॉर्वेंतील त्रॉन्ड्हाइमच्या विद्यापीठांत वास्तुशास्त्र शिकणारे कांहीं विद्यार्थी तेथें गेले, कांहीं महिने राहिले, आणि करेन कारागिरांच्या बरोबरीनें राबून २००९ च्या आरंभीं त्यांनीं २४ मुलांच्या निजण्यासाठीं सहा लहान घरें उभीं केलीं.

येथें कोणी विचारील कीं, सहा घरें कशाला? एकच लांब दालन बांधलें असतें तर काम लवकर उरकलें नसतें काय? प्रश्न गैर नाहीं. किंबहुना ह्या कामाचें सारें मर्म त्याच्या उत्तरांत आहे. ज्या मुलाचें घर गेलें, त्याचें केवळ छप्पर गेलेलें नसतें. ‘माझा’ म्हणावयाचा कोपरा, अंगण आणि शेजार हींहि गेलेलीं असतात. आपल्या वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांस स्वतःची पेटी व खाटेलगतची भिंत किती मोलाची वाटते, हें आम्हीं नित्य पाहतों. दालनांत आसरा मिळाला असता, घर मिळालें नसतें. म्हणून प्रत्येक मुलास स्वतःची जागा असावी, व बाहेर खेळावयास शेजार असावा, असा त्या तरुणांनीं बेत केला.

बांधणीहि विचारपूर्वक केलेली. भिंती जवळपास मिळणाऱ्या बांबूंच्या, तेथील रीतीप्रमाणेंच विणलेल्या. पाया जुन्या टायरांत काँक्रीट ओतून केलेला, म्हणजे ओल वर चढावयाची नाहीं. छपराचा आकार असा कीं, वारा आंत खेळता राहावा व पावसाचें पाणी सांचवून कोरड्या दिवसांत कामास यावें. तो आकार पाहून करेन कारागिरांनींच त्यांस ‘फुलपांखरांचीं घरें’ असें नांव दिलें. पाहुण्यांनीं त्यांच्यापासून विणकाम घेतलें, आणि लाकडाची काटकसर, तिरकस आधार देण्याची युक्ति व ओल टाळण्याचे उपाय त्यांस दिले.

ही देवघेव आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. न विचारतां लादलेलें दान घेणाऱ्यास ओझें होतें, आणि दाता घरीं परतल्यावर मोडलेली वस्तु तशीच पडून राहते. बांबू कांहीं चिरकाल टिकत नाहीं. परंतु जें घर गांवच्या हातांनीं व गांवच्या मालानें उभें राहिलें, तें दुरुस्त करण्यास परदेशाकडे पाहावें लागत नाहीं.

पालकहो, ‘आधीं आपल्या पायांवर उभा राहा, मग परोपकार कर,’ असा उपदेश आपण मुलांस करतां. आम्हीं शिक्षकांनींहि तो पुष्कळदां केला आहे. तो सर्वस्वीं चुकीचा नाहीं, कारण पोट प्रत्येकास आहे. मात्र त्यांतील ‘मग’ बहुधा कधींच उगवत नाहीं. आधीं नोकरी, मग बंगला, मग मुलांचीं लग्नें, असें करतां करतां केस पिकतात. नॉर्वेच्या त्या तरुणांनीं विद्यार्थिदशेंतच जें येत होतें तें देऊं केलें, आणि देतां देतां ते आपला धंदाहि शिकले.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं प्रत्येकास कांहीं ना कांहीं येतें. कोणास गणित, कोणास सुतारकाम, कोणास शिवण. तें कोणाच्या उपयोगीं पडेल, एवढा शोध शाळा सोडण्यापूर्वीं एकदां अवश्य करा.