चष्मा, एक नग

लातूरच्या ट्यूशन एरियात ‘नीट’च्या तयारीला ठेवलेल्या पोराचा गावाकडे फोन जातो, ‘पप्पा, फळ्यावरचं दिसंना.’ अहमदपूर-कंधारकडचा बाप एसटी धरून येतो, पोराचे डोळे तपासून घेतो आणि नंबराची चिठ्ठी घेऊन चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतो. नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरातही हेच. फ्रेम पसंत पडली, की काउंटरपलीकडून ठरलेला प्रश्न येतो : ‘काच साधी टाकायची का चांगली?’ शिकवणीची फी उसनवारी करून भरलेला बाप ‘लेकराला साधीच टाका’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार? मग ‘चांगली’ काच, तिच्यावर ‘एआरसी’, वर ‘ब्लू कट’, शिवाय ‘कंपनीची’. आकडा फुगत जातो आणि शेवटी हातात कागद पडतो. त्यावर लिहिलेले असते : ‘चष्मा, एक नग.’ कधी तेवढेही नसते. दुकानाच्या कार्डामागे जमा आणि बाकी खरडलेली असते.

हाच बाप सोयाबीन घेऊन मोंढ्यात जातो, तेव्हाचे दृश्य आठवावे. पोत्यात परखी खुपसून नमुना काढतात, यंत्रात घालून ओलावा बघतात आणि १२ टक्क्यांच्या वर निघाला की भाव पाडतात. हिशेबपट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई सगळे ओळीने उतरते. म्हणजे तो विकायला जातो तेव्हा त्याच्या मालाची परीक्षा यंत्राने होते आणि घ्यायला जातो तेव्हा त्याने दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. वास्तविक तयार चष्म्याचा नंबर तपासणारे लेन्सोमीटर नावाचे यंत्र बऱ्याच दुकानांत काउंटरच्या मागेच असते. जुन्या चष्म्याचा नंबर काढायला ते हटकून वापरतात. नवा चष्मा गिऱ्हाइकासमोर त्याखाली धरून दाखवण्याची पद्धत मात्र नाही.

चष्म्याची गंमत अशी, की तो घेणाऱ्यालाच नीट दिसत नसते. फ्रेम लावून आरशात बघताना स्वतःचा चेहरासुद्धा धूसर. काचेतला दोष तर डोळसालाही नुसता बघून कळत नाही. नंबर बरोबर आणि काच चुकीच्या जागी बसवलेली, असेही होते. काचेचा मध्य बुबुळासमोर यावा लागतो. उणे ६ नंबरच्या काचेचा मध्य ५ मिलिमीटर सरकला, तर ऑप्टिक्सच्या साध्या हिशेबाने त्या डोळ्यापुढे ३ डायॉप्टरचा प्रिझम उभा राहतो. चष्मा नंबराचा, पण डोळ्यांना ओढाताण फुकटची. डोळ्याला तिरपा नंबर असेल, तर अक्ष थोडा फिरला तरी अक्षरे ताणल्यासारखी दिसतात. काचेचा मध्य नेमका बसवायला लागणारे दोन बुबुळांमधले अंतर, म्हणजे ‘पीडी’, नंबराच्या चिठ्ठीवर बहुधा लिहिलेले नसते. ते दुकानात मोजायचे असते आणि पुष्कळदा अंदाजावर निभावते.

पोरगा आठ दिवसांनी डोके धरून परत येतो. उत्तर तयार असते : ‘सवय होईल.’ यात अर्धे खरे आहे. नवा तिरपा नंबर किंवा प्रोग्रेसिव्ह काच असेल, तर चार-आठ दिवस जमीन वरखाली झाल्यासारखी वाटते आणि मग डोळे रुळतात. पण चुकलेल्या फिटिंगची सवय करून घेणे ही डोळ्यांची जबाबदारी नव्हे. आणि दहा-बारा तास पुस्तकात डोके घालून बसणाऱ्या पोराला चष्म्याचा संशयही येत नाही. आपलेच अभ्यासात लक्ष लागत नाही, असे तो धरून चालतो.

महाग चष्मा म्हणजे लूट, असा सरसकट निवाडा मात्र करता येणार नाही. पॉलिकार्बोनेटची काच सहसा फुटत नाही, म्हणून लहान मुलांना तीच बरी. मोठ्या नंबरला जास्त इंडेक्सची काच पातळ आणि हलकी होते. एआरसीने काचेवरची चकाकी कमी होते. रात्री समोरच्या गाडीचे दिवे अंगावर घेणाऱ्याला त्याचा उपयोग असतो. दुकानदारालाही जागेचे भाडे असते, न खपलेल्या फ्रेमा असतात आणि आयुष्यभर फुकटात दांडीचा स्क्रू आवळून देण्याचा शिरस्ता असतो. पण निळा प्रकाश अडवणाऱ्या ‘ब्लू कट’चे काय? कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला. स्क्रीनपुढे बसून येणारा डोळ्यांचा शीण या काचांनी बहुधा कमी होत नाही, असे त्यातून निघाले. तरीही ‘मोबाइल फार बघतो ना, मग घ्याच’ हे वाक्य बापाच्या खिशात सहज हात घालते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कर सोडून २००० रुपयांचा असलेला चष्मा त्या हिशेबाने २२४० ऐवजी २१०० ला मिळायला हवा. हे १४० रुपये किती गिऱ्हाइकांच्या हाती पडले? ‘एक नग’ लिहिलेल्या कागदावरून हे सांगण्याची सोय नाही. ग्राहक आयोगाचे दारही तसे उघडे आहे. १९१५ हा मदतीचा क्रमांक आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पण तक्रारीला जोडायचे काय? कोणती काच कबूल केली होती, हेच कागदावर नसेल, तर आयोगाने तरी कशावर बोट ठेवायचे?

पोरांचे हे, तर म्हाताऱ्यांचे आणखी निराळे. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया करणारे सर्जन म्हणून देशाला माहीत झाले. मराठवाड्यात शिबिरातून डोळा करून आलेली आजी नाही, असे गाव विरळा. पण आत लेन्स बसवलेल्या या डोळ्याला लांबचे लख्ख दिसले, तरी जवळचे बघायला बहुधा चाळिशी लागतेच. मग आजी आठवडी बाजारातल्या पाटीवरून एक उचलते, गव्हातला खडा दिसतो का बघते आणि घासाघीस करून घेते. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तिरपा नसेल, तर हा सौदा वाईट नाही. आसामच्या चहामळ्यातल्या चाळिशीपुढच्या मजुरांना साधा जवळचा चष्मा दिला, तेव्हा त्यांची पानतोडणी २१ टक्क्यांहून अधिक वाढली, असे २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसले. जी बाई सुई ओवते, डाळ निवडते, तिचेही तसेच. राज्याच्या वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना एकदाच मिळणाऱ्या ३००० रुपयांच्या साधनांत चष्माही आहे. सरकारने पैसे दिले. चष्मा नंबरचा निघाला का, हे बघणारे कोणी नाही.

यावर किंमत बांधून देण्याचा उपाय कोणी सुचवेल. तो नको, बांधलेल्या किमतीत काच आणखी पातळ होते, गुणाने. मागणी त्याहून सोपी आहे. बिलावर फ्रेम आणि काच वेगळी लिहा. काच कोणत्या कंपनीची, कसली, कोणत्या इंडेक्सची आणि तिच्यावर लेप कोणता, ते लिहा. नंबराखाली पीडी लिहा. आणि चष्मा हातात देण्याआधी लेन्सोमीटरखाली धरून आकडे दाखवा. प्रामाणिक दुकानदाराला याचा जाच नाही, उलट ती त्याची जाहिरातच. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्हीकडच्या नेत्रविभागांनी आठवड्यातून एक दिवस ‘घेतलेला चष्मा तपासून मिळेल’ अशी पाटी लावली, तर एका टेबलावर आणि एका यंत्रावर भागेल. आणि दर रविवारी परीक्षा घेणाऱ्या क्लासवाल्यांना वर्षातून एक सकाळ पोरांच्या चष्म्यांची परीक्षा घ्यायला काय हरकत आहे?

मोंढ्यातल्या बापाला हिशेबपट्टी वाचता येते. हमालीचा रुपया जास्त लागला तर तो तिथल्या तिथे भांडतो. चष्म्याचीही तशीच पट्टी त्याच्या हातात द्या. ती वाचायला त्याला चाळिशी लागली, तर तीही यंत्राखाली धरून द्या.