प्लांट कुठे? आधी खालच्या गावांना विचारा

सांडपाण्याचा प्लांट म्हटलं की आपण ‘आमच्या गावात नको’ म्हणून मोकळे होतो. मी वरंधचा. आमच्या घाटाचं पाणी शेवटी सावित्रीलाच मिळतं. मग नको म्हणजे कुणाच्या दारात? खाली दासगाव-आंबेतकडे खाडीवर जगणारे कोळी आहेत, आपलेच मुसलमान आहेत.

सरकारी जागा आहे म्हणून नदीकाठ निवडायचा? जुलै २०२१ मध्ये महाड बुडालं. पूररेषेतला प्लांट बुडाला तर तीच घाण घराघरांत शिरेल.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब याच महाडात चवदार तळ्याचं पाणी प्यायले. पाण्यावर हक्क सगळ्यांचा, मग घाण एकट्या खालच्यांची कशी? दोस्तांनो, पुढच्या ग्रामसभेत हे विचारा. जागा ठरल्यावर नव्हे, ठरण्याआधी.