टिपाड ओतून द्यायचे कुणी?

डास म्हटला की आपल्याला गटार आठवते. पण डेंग्यू, चिकुनगुन्या पसरविणारा एडिस इजिप्ती गटाराच्या वाटेला फारसा जात नाही. त्याला घरातले साठवलेले स्वच्छ पाणी लागते; आणि तो चावतो दिवसा, मच्छरदाणी गुंडाळून ठेवल्यावर!

पुण्यात १९५२ साली विषाणु संशोधन केंद्र निघाले, तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. कीटकांमार्फत पसरणारे विषाणू हाच त्याचा आरंभीचा विषय. १९७३ मध्ये बार्शीला चिकुनगुन्याची साथ आली. पुढे तीसएक वर्षे तो रोग विसरल्यासारखा झाला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात गावेच्या गावे सांधे धरून बसली. २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. म्हणजे विषाणू ओळखण्यात आपण मागे नाही.

मागे आहोत ते टिपाडापाशी. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' हा सल्ला शास्त्रशुद्धच आहे, कारण अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पण नळाचा भरवसा नसलेल्या घरात भरलेले टिपाड ओतून द्यायला कोणती माउली धजेल? माझी आई तर नाहीच. शिवाय नुसते ओतून भागत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटतात, कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. कडा घासाव्या लागतात. हे काम बाईच्याच वाट्याला येते, हे भिंतीवरच्या घोषणेत नसते. धुराचे यंत्र गल्लीतून फिरते तेव्हा पोरे मागे धावतात. उडते डास मरतात, टिपाडातल्या अळ्या सुखरूप!

इंडोनेशियातील योग्यकर्ता येथे व्होल्बाकिया जिवाणू असलेले डास सोडले, तर डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. असे संशोधन आपल्याकडे पुदुच्चेरीतही चालते. मला त्याचे अप्रूप आहे. तरीही नियमित येणारा नळ हे डास-निर्मूलनाचे पहिले साधन, असे माझे स्पष्ट मत आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी खुशाल हसावे.

यंदाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडण्याऐवजी आपण नागापुरातली टिपाडे मोजावीत. किती झाकलेली, किती उघडी, पाणी किती दिवसांनी येते. भूगोल आणि समाजशास्त्राच्या मुलांना हे सहज जमेल. यादीची एक प्रत आरोग्य केंद्रात द्यावी, दुसरी पाणी सोडणाऱ्यांकडे.