पऱ्हाटीला भाव कोण देणार?



मी शेतकी शिकलो दापोलीला, रत्नागिरी जिल्ह्यात. काम मात्र तुमच्या कापूस-ज्वारीच्या मुलखात. मध्यंतरी रत्नागिरीच्या बाजारात कपाट बघत होतो. दार लाकडाचं वाटलं, पण ते लाकडाच्या तुकड्यांना चिकट रसायन लावून, तापवून दाबलेल्या फळीचं, म्हणजे पार्टिकल बोर्डाचं होतं. मागं डोंगरभर झाडं उभी, आणि दुकानदार म्हणतो, फळी थायलंडची!

थायलंडात रबराची लागवड बहुतेक लहान शेतकऱ्यांची. पंचवीसेक वर्षांनी चीक आटतो, झाड तोडावं लागतं. खोड फर्निचरला जातं, फांद्या-फळकुटं बोर्डाच्या कारखान्याला. म्हाताऱ्या झाडाचेही चार पैसे होतात, आणि देश बोर्डाच्या मोठ्या निर्यातदारांत बसतो.

इंडोनेशियानं दुसरी वाट धरली. १९८५ पर्यंत तिथल्या सरकारनं गोल लाकडाची निर्यात पुरती बंद केली. प्लायवूडच्या गिरण्या धडाधड उभ्या राहिल्या, देश प्लायवूडच्या निर्यातीत जगात पुढं गेला. नंतर चीननं त्याला मागं टाकलं. त्या बंदीचं कौतुक करणारे आपल्याकडंही भेटतात. पण बाहेरचं गिऱ्हाईक हाकललं की आतला माल स्वस्त होतो. गिरणीला लाकूड जगाच्या भावाखाली मिळालं, आणि स्वस्त मिळालं म्हणून जंगलाची नासाडीही झाली. हे तुम्हाला मी काय समजावू? मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात अडवली, ती कुणाच्या सोयीसाठी होती? म्हणून कुठल्या देशानं किती फळी विकली एवढ्यावर मी खूश होत नाही. कच्चा माल देणाऱ्याच्या पदरात काय पडलं, ते आधी विचारतो.

आता आपली पऱ्हाटी. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं तिच्यापासून पार्टिकल बोर्ड करण्याची रीत केव्हाच बसवली आहे. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते आणि बहुतेक बांधावर जळते. खरी अडचण वाहतुकीची आहे. माल फुगीर, ट्रक भरतो पण वजन भरत नाही, लांब नेला की भाडंच सगळं खातं. म्हणून तुकडे गावातच झाले पाहिजेत. त्यात आणखी एक फायदा आहे. धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामाला हजर होते. फरदड न घेता वेळेवर उपटून तुकडे केले तर तिचा मुक्काम मोडतो.

कारखानदार येईल तेव्हा "टाकाऊ माल" म्हणेल. त्याला सांगा, याच टाकाऊ मालावर मजूर बाईची चूल पेटते, आणि उपटणीची मजुरी आम्ही रोख मोजतो. घरच्या जळणापुरती बाजूला काढून उरलेली काट्यावर मोजून द्या. कडब्याचा मात्र सौदा करू नका, तो बैलांच्या तोंडचा आहे.

आणि परवान्यापासून सावध राहा. कोकणात स्वतःच्या जमिनीतला साग, फणस, किंजळ तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. कागदपत्रांना कंटाळून शेतकरी उभं झाड ठेकेदाराला मिळेल त्या भावात देऊन टाकतो. उद्या "पऱ्हाटी जिल्ह्याबाहेर नेऊ नये" असा हुकूम कुणी मागितला, तर पहिल्या दिवशीच विरोध करायचा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकानं एका एकराची पऱ्हाटी वजन करून, उपटणी-भराईचा खर्च लिहून आणावा. भाव मागायचा तो त्या कागदावरून.