द लाज, आणि कपाटातल्या कॅसेटी

मंडळी, आज जरा लांबचा विषय घेतोय. लिव्हरपूलचा. शेवटी आपल्या रामबागेत यायचंच आहे, पण आधी तिकडचं नीट सांगू द्या, कारण मुद्दा तिकडचा आहे.

'द लाज' नावाचा एक बँड होता. हसू नका. तिकडे लिव्हरपूलच्या बोलीत 'ला' म्हणजे पोरगा, आपल्या इंदूरच्या 'भिया'सारखं. त्याचं अनेकवचन झालं लाज. आता हा बँड पुढे स्वतःच्याच रेकॉर्डची लाज बाळगून बसला, हा निव्वळ मराठी योगायोग.

ऑक्टोबर 1990 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. बँडच्याच नावाचा, बारा गाण्यांचा, सगळा मिळून पस्तीस मिनिटांचा. गिटार, बास, ड्रम आणि ली मेव्हर्सचा तो किंचित चिरका आवाज. बाकी काही नाही. त्या वेळी इंग्लंडात मँचेस्टरच्या बँडांची हवा होती, गिटारमागे नाचाचा ठेका लावायची पद्धत होती. ह्या पोरांनी तसलं काही केलं नाही. साठच्या दशकात त्यांच्याच गावात जशी गाणी व्हायची तशी सरळ, छोटी, गुणगुणता येतील अशी गाणी केली. बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आत आटोपतात. एकच शेवटचं, 'लुकिंग ग्लास', जवळजवळ आठ मिनिटं चालतं. सावकाश सुरू होतं आणि शेवटाला असा वेग घेतं की आपल्याला विलंबितातून द्रुतात गेल्यासारखं वाटावं.

'देअर शी गोज' तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ऐकलंय, नाव माहीत नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिक्सपेन्स नन द रिचर नावाच्या अमेरिकन बँडने ते परत गायलं, आणि केबलवर ते सारखं लागायचं. मी पण आधी तेच ऐकलं. मूळ गाणं ह्या लोकांचं आहे हे भाच्याने सांगितलं, तो गिटार वाजवतो. मग मूळ ऐकलं आणि एक गंमत लक्षात आली. त्या गाण्यात कडवी नाहीतच. एकच मुखडा शब्द जरासे फिरवून पुन्हा पुन्हा येतो, आणि मध्ये एकदाच चाल वेगळीकडे जाऊन परत येते. म्हणजे काय? स्थायी आणि अंतरा. आपल्याकडे दोन ओळींच्या बंदिशीवर माणूस तासभर बसतो, त्याने पावणेतीन मिनिटांच्या आत काम संपवलं. गाण्याची आवड असलेल्या कुठल्याही मराठी घरात हे गाणं लावून बघा, आजीसुद्धा दुसऱ्यांदा मुखडा आला की मान हलवते.

आता खरी गोष्ट. हा अल्बम बँडला नको होता.

1987 मध्ये गो! डिस्क्स ह्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. त्यानंतर अल्बम पुरा व्हायला तीन वर्षं लागली, आणि ती गाणी लिहिण्यात गेली नाहीत. गाणी बहुतेक तयारच होती. एक निर्माता आला, ध्वनिमुद्रण झालं, मेव्हर्सला पसंत पडलं नाही. दुसरा आला, तेच. स्टुडिओ बदलले, बँडमधली माणसं बदलली. त्याच्या कानात एक आवाज होता आणि टेपवर तो उतरत नव्हता. शेवटी स्टीव्ह लिलीव्हाइट आले. मोठा माणूस, यू-टूचे पहिले अल्बम त्यांच्याच हातचे. तिथेही बँडने काम अर्धवट टाकलं. मग कंपनीने लिलीव्हाइटना सांगितलं की जे हाताशी आहे त्यातून अल्बम पुरा करा. त्यांनी केला आणि कंपनीने तो बाजारात आणला. मेव्हर्स मुलाखतींतून सांगत फिरला की हे आमचं नव्हे, हे आम्हाला आवडत नाही. स्वतःचा पहिला अल्बम आलेला असताना!

समीक्षकांनी मात्र डोक्यावर घेतला. विक्री बेताची झाली, ब्रिटनच्या यादीत तो तिसाव्या नंबरापर्यंत गेला आणि 'देअर शी गोज' तेराव्यापर्यंत. पण पुढे ज्यांनी गिटार घेऊन नाव कमावलं, त्यातल्या अनेकांनी ह्या पस्तीस मिनिटांचं ऋण मान्य केलं, ओएसिसचा नोएल गॅलॅगर त्यात पहिला. बासवाला जॉन पॉवर 1991 मध्ये बाहेर पडला आणि त्याने 'कास्ट' हा आपला बँड काढला, तो चाललाही. मेव्हर्स अधूनमधून मंचावर दिसला. नवा अल्बम त्याने आजपर्यंत काढलेला नाही.

ह्यावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कलाकार नाही म्हणत असताना कंपनीने काढलाच कसा? दुसरा म्हणतो, कंपनीने हट्ट केला नसता तर आपल्याला काय मिळालं असतं? टेपांचा ढीग.

मी दुसऱ्या पक्षात आहे, पण नेहमी देतात त्या कारणासाठी नाही. 'जगाचं भलं झालं' हे कारण मला पटत नाही. जगाच्या भल्यासाठी कुणाचंही काहीही उचलता येईल मग. करार केला होता, पैसे घेतले होते, हेही कायद्याचं बोलणं झालं. माझं कारण वेगळं आहे. ही गाणी मेव्हर्सने लिव्हरपूलच्या क्लबांत वर्षानुवर्षं लोकांसमोर गायली होती. काही तर आधी सुटी रेकॉर्ड म्हणूनही निघाली होती, 'देअर शी गोज' पहिल्यांदा 1988 मध्येच आलं. 'डोलड्रम' नावाचं गाणं घ्या. डोल म्हणजे बेकारांना सरकारकडून मिळणारा भत्ता. त्या शहरात गोद्यांचं काम आटत गेलं आणि घरटी कुणीतरी त्या भत्त्याच्या रांगेत उभं. 1991 मध्ये आपल्याकडे हुकुमचंद मिल बंद पडली तेव्हाची घरं आठवा, म्हणजे कळेल. तिथल्या पोरांनी ते गाणं क्लबात उभ्याने ऐकलं, घरी जाताना म्हटलं. ते गाणं मेव्हर्सने त्यांना देऊन टाकलं होतं. मग टेपवर गिटारचा आवाज मनासारखा आला नाही हे भांडण त्याचं आणि निर्मात्याचं. गाणं परत घ्यायचा हक्क त्याला उरला नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

2008 मध्ये ह्या अल्बमची मोठी आवृत्ती निघाली. तीत आधी माइक हेजेस ह्या निर्मात्याबरोबर केलेलं आणि नाकारलेलं ध्वनिमुद्रणही दिलं आहे. दोन्ही लागोपाठ ऐकली. फरक आहे, नाही असं नाही. पण गाणं दोन्हीकडे तेच उभं राहतं.

तर आता रामबागेत येतो.

आमचे धाकटे काका वीज मंडळात नोकरीला होते आणि गात होते. नाट्यपदं, भावगीतं, शिवाय स्वतः लावलेल्या दहा-बारा चाली. गणेशोत्सवात गायचे, कोजागरीला गच्चीवर गायचे, इंदूरची जुनी मराठी मंडळी त्यांना ओळखतील. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. मागे पाच कॅसेटी आहेत. तीन कॅसेटी कार्यक्रमांच्या, कुणीतरी समोर टू-इन-वन ठेवून भरलेल्या, त्यात खोकले, टाळ्या आणि एका ठिकाणी कुल्फीवाल्याची घंटा. दोन त्यांनी स्वतः रात्री खोलीचं दार लावून भरलेल्या. त्या दोन्हींवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: कच्चे, कुणास ऐकवू नये.

पुण्याच्या पुतण्याला पाचही यूट्यूबवर टाकायच्यात. काकू म्हणतात, "ह्यांना नको होतं ना, मग नको." घरच्या ग्रुपवर महिनाभर हेच चाललंय. पुतण्याने अमीर खाँसाहेबांचा दाखला दिला. खाँसाहेब इंदूरचे, 1974 मध्ये गेले, आणि त्यांच्या खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं आजही लोक एकमेकांना देतात, त्यांनी हो म्हटलं होतं का असं कुणी विचारतं का? प्रश्न चोख आहे. पण मैफल खासगी असली तरी मैफलच. समोर माणसं बसलेली होती, दाद देत होती.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं ते इथेही लिहितो. तीन कॅसेटी टाका, खुशाल टाका. काकांना पट्टी चुकल्यासारखी वाटत असेल, आवाज बसलेला वाटत असेल, ते मेव्हर्सचं दुखणं. त्या गच्चीवरच्या चाळीस माणसांना ते गाणं मिळालेलं आहे, आज त्यांची नातवंडं बंगळूरला आणि न्यू जर्सीत आहेत, त्यांनाही मिळू दे. कुल्फीवाल्याची घंटा काढून टाकू नका, हात जोडतो. यंत्राने आवाज फार धुऊन काढला की माणूस राहत नाही.

उरलेल्या दोनचं तसं नाही. ते गाणं अजून कुणाला दिलेलं नव्हतं. मेव्हर्सने निदान मुलाखत देऊन आरडाओरड केली, काकांजवळ एक चिठ्ठी होती, तेवढीच. ती वाचता येणारी माणसं जिवंत असताना ती नसल्यासारखी वागली, हे मला चालणार नाही. पुतण्याचं म्हणणं, त्यातच काकांच्या सगळ्यात चांगल्या चाली असतील. असतील. मला पण ऐकायच्यात हो, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र लवकर करावी लागेल. कॅसेटी कपाटात खालच्या खणात आहेत आणि मागच्या पावसाळ्यात एकीच्या टेपवर पांढरी बुरशी दिसली. जपायचं तर त्यांची नक्कल उतरवून घ्यावी लागणार, आणि उतरवणाऱ्याला निदान एकदा तरी ते ऐकू येणारच. काकू म्हणतात, ते काम परक्याने करावं, ज्याला मराठी कळत नाही अशाने. इंदुरात जुन्या टेपा उतरवून देणारं कुणी माहीत असेल तर खाली सांगा.